देवाची उजवी बाजू

आमच्या गावात देव आहे की नाही हा वाद वीज आहे की नाही यावर चालायचा. वीज असली की माझ्या मित्राची पिठाची गिरणी चालू असायची, आणि ती चालू असताना समोरच्याचं बोलणं सोडाच, आपल्या मनातलंही आपल्याला ऐकू येत नाही. वीज गेली की पट्टा फडफडत थांबायचा, मित्र भुवयांवरचं पीठ पुसत बाहेरच्या बाकावर येऊन बसायचा आणि विचारायचा, "हां मास्तर, काल कुठं हुतो आपन?" आपण कुठे होतो ते मला पक्कं ठाऊक असायचं. आदल्या दिवशी अर्धवट राहिलेला मुद्दा मी घरून धार लावून आणलेला असायचा.

कोल्हारहून बेलापूरकडे जाताना उसाच्या फडांमधून आमचं गाव लागतं. तिथल्या हायस्कुलात मी तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलं. मित्र शाळेत माझ्याच वर्गात शिकायला होता. दहावीला गणितात गचकला आणि पुढची चाळीस वर्षं त्याचा सूड माझ्यावर उगवत राहिला. मी नास्तिक. तो नुसता आस्तिक नव्हे, भैरोबाच्या देवळातला दर रविवारचा कायमचा मेंबर. एवढं मोठं गाव असून आम्ही दोघंच एकमेकांना का धरून आहोत, हे कुणाला कळत नसे. मला कळत असे. इतरांशी देवाबद्दल बोलायला जावं तर एक तर ते घाबरायचे, नाही तर 'सर म्हणतात ते बरोबरच आहे' म्हणून काढता पाय घ्यायचे. भांडायला लायक असा गावात हा एकच माणूस होता.

आमच्या भैरोबाला कौल लावतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेंदूर माखलेली उभी मूर्ती आहे. तिच्या दोन्ही खांद्यांखाली झेंडूची एकेक ओली पाकळी चिकटवायची, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं आणि सगळ्यांनी वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. मुलीचं स्थळ, विहिरीची जागा, ट्रॅक्टरचा रंग, सगळं ह्या दोन पाकळ्यांवर ठरतं. एकदा ग्रामपंचायतीला एकाच जागेसाठी दोघांनी वेगवेगळा कौल लावला आणि देवाने दोघांनाही हो म्हटलं. पडलेला उमेदवार जाब विचारायला गेला तेव्हा गुरव म्हणाला, "देवानं हुबं ऱ्हायला व्हय म्हटलं हुतं, निवडून याचं तुमी इचारलंच न्हाई." असं खातं ज्याच्याकडे आहे त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो.

तरी मी नोकरीभर ह्या कौलाच्या हात धुऊन मागे लागलो होतो. दर वर्षी विज्ञान दिनाला मी वर्गात फरशीचा एक तुकडा आणायचो, त्याला तेल आणि शेंदूर फासून टेबलावर उभा करायचो आणि त्यावर दोन पाकळ्या लावायचो. एक चिंब ओली, दुसरी रुमालाने टिपून घेतलेली. टिपलेली आधी पडायची. दर वेळी. "बघा," मी म्हणायचो, "पाण्याचा पातळ थर पाकळीला धरून ठेवतो. थर सुकला की पाकळी सुटते. आता मला सांगा, यात देव कुठे आला?" मुलं टाळ्या वाजवायची आणि रविवारी आईबापांबरोबर कौल लावायला जायची.

निवृत्त झाल्यावर हातात मोबाईल आला आणि माझ्या नास्तिकपणाला नवीन फांदी फुटली. मेंदूबद्दलचे व्हिडिओ बघून बघून मी ह्या मताला आलो की देव तर नाहीच, पण माणसाला स्वतःची अशी इच्छाही नाही. आपण ठरवतो असं आपल्याला नुसतं वाटतं. खरं तर मेंदूतली रसायनं आधीच ठरवून मोकळी झालेली असतात. हे मी मित्राला मोठ्या उत्साहाने समजावलं. तो गिरणीच्या दगडाला छिन्नीने टाके मारत ऐकत होता.

"म्हंजी मी रविवारी देवळात जातो ते माझ्या मनानं जात न्हाई?"

"नाही."

"मेंदू नेतो."

"हो."

"मंग त्यात माझा काय गुन्हा? आन तू मला रोज समजावतो ते तरी कशापायी? माझं ऐकनं न ऐकनं आदीच ठरलंय ना?"

"माझं समजावणंही ठरलेलंच आहे," मी म्हणालो.

"आसं व्हय," तो म्हणाला. "मी ह्यालाच देवाची विच्छा म्हनतो. तू रसायनं म्हन. च्या सांगू का, का त्ये बी ठरलंय?"

मी उत्तराला तोंड उघडलं आणि तेवढ्यात वीज आली. त्याच्या सोयीने वीज येण्याचं प्रमाण मला नेहमीच संशयास्पद वाटत आलं आहे.

मागच्या दिवाळीनंतर गव्हाचं पोतं उचलताना त्याच्या छातीत कळ आली. तो पोत्यावरच बसला आणि त्याला दरदरून घाम फुटला. आम्ही त्याला जीपमध्ये घालून नगरला नेलं. जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, पण छातीत कळ आलेला माणूस अजून नगरलाच नेतात. तिथल्या डॉक्टरांनी नळी घालून तपासणी केली आणि हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या तुंबल्याचं सांगितलं. बायपास करावी लागेल, फार दिवस घालवू नका, पुढच्या वेळी इथवर पोचायला सवड मिळेलच असं नाही, असं ते म्हणाले. तीन आठवड्यांनंतरच्या गुरुवारची तारीख दिली. आदल्या बुधवारी दुपारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

गावी परतताना जीपमध्ये मित्र म्हणाला, "डॉक्टरला इचारलं. आता त्येला इचारतो."

'तो' म्हणजे कोण हे विचारायची गरज नव्हती. पुढचे पंधरा दिवस मी जीव तोडून भांडलो. हृदय म्हणजे पंप आहे, हे चित्र काढून दाखवलं. तुझ्या गिरणीची मोटर जळाली तर तू भैरोबाला विचारतोस की वायरमनला, असा बिनतोड सवालही टाकला. तो म्हणाला, "मोटर जळली तर दुसरी आनता येती." श्रीगोंद्याला दिलेली त्याची मुलगी रोज फोनवर रडायची, काका, तुम्हीच समजवा, म्हणायची. मी तिला धीर द्यायचो, पण तो माझ्याकडेच नव्हता. मला भीती वाटत होती. देवावर विश्वास नसलेल्या माणसाला घाबरल्यावर जायला ठिकाण नसतं, त्यामुळे मी गिरणीवर जाऊन त्याच्यावरच ओरडायचो.

ऑपरेशनच्या आधीचा रविवार कौलासाठी ठरला. शनिवारी संध्याकाळी वहिनी, म्हणजे त्याची बायको, आमच्या घरी आल्या. आमच्याकडे पाकळ्या गुरव लावत नाही आणि घरचा माणूसही लावत नाही. ज्याचा त्या प्रश्नात काही स्वार्थ नाही असा बाहेरचा माणूस आंघोळ करून, उपाशीपोटी त्या लावतो.

"भावजी, पाकळ्या तुमी लावा," वहिनी म्हणाल्या.

मला वाटलं माझ्या कानांत काही झालं. "वहिनी, मी देव मानत नाही."

"म्हनून तर. माननारा मानूस हात थरथरवतो, मनातल्या मनात देवाला काई बाई सांगतो. तुमचं त्याच्याशी काईच न्हाई. तुमी लबाडी करनार न्हाई."

चाळीस वर्षांच्या नास्तिकपणाचं हे प्रमाणपत्र मला भैरोबाच्या दारात मिळावं, याची मला गंमत वाटली. मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आतच माझ्या डोक्यात फरशीचा तुकडा उभा राहिला होता. देवाला हो म्हणायला लावणं माझ्या हातात आलं होतं. ह्यालाच लबाडी म्हणतात हे मला त्या वेळी सुचलं नाही. मी ह्याला उपयोजित विज्ञान म्हणत होतो.

रविवारी सकाळी मी आंघोळ करून, चहासुद्धा न घेता देवळात गेलो. आयुष्यात इतक्या शिस्तीने मी कुठलाच धार्मिक विधी केला नव्हता. मित्र खांबाला टेकून बसला होता, वहिनी शेजारी, आणि गावातली पंधरावीस माणसं दोन्ही अंगांना. मास्तर कौल लावणार ही बातमी फुटली होती, त्यामुळे त्यातली निम्मी मला बघायला आली होती. गुरवाने पाकळ्यांचं ताम्हण माझ्या हातात दिलं आणि नियम सांगितला. "उजवी पडली तर आपरेशन करायचं. डावी पडली तर न्हाई. एका गोष्टीला एकच कौल, परत इचारायचं न्हाई."

मी ताम्हणातून दोन पाकळ्या घेतल्या. एक पाण्यात चांगली बुडवली. दुसरी खिशातला रुमाल काढून, कपाळाचा घाम पुसायच्या निमित्ताने, हलकेच टिपून घेतली. चिंब ओली डावीकडे लावली, टिपलेली उजवीकडे. बोट दाबून बघितलं. हात अजिबात थरथरला नाही, वहिनींचा अंदाज बरोबर होता.

गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं. "बा भैरोबा, हे तुजं लेकरू तुज्या दारात आलंय..." मी पाकळीकडे बघत मनातल्या मनात आकडे मोजत होतो. फरशीवर टिपलेली पाकळी साधारण शंभराच्या आत पडते. इथे शेंदराचे थर जाड, त्यामुळे थोडा जास्त वेळ लागेल असा माझा हिशेब होता. गाऱ्हाणं संपलं. एकशे तीसच्या आसपास टिपलेल्या पाकळीचं टोक सुटलं, ती जराशी वळली आणि खाली पडली.

"उजवी!" मी ओरडलोच. "उजवी पडली! हो म्हणाला!"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं आनंदाने रडतायत. मग गुरव हळूच, वर्गातल्या ढ मुलाला सांगावं तसं म्हणाला, "मास्तर, ती तुमची उजवी. देवाची डावी हाय ती."

फरशीला तोंड नसतं. तेहतीस वर्षं मी ज्या तुकड्यावर प्रयोग केला त्याला पुढची बाजू नव्हती, मागची नव्हती, त्यामुळे त्याची उजवी ती माझीच उजवी. देवाचं तोंड माझ्याकडे होतं. देवळात दहा वर्षांचं पोरसुद्धा ज्या बाबतीत चुकणार नाही तिथे मी चुकलो, कारण देव आपल्याकडे बघत उभा असतो हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

मित्र खांबाला धरून उठला, देवाला नमस्कार केला आणि चपला घालता घालता म्हणाला, "संपलं. त्यो न्हाई म्हनला."

त्या दिवशी मी जेवलो नाही. उपास सोडायचा असतो हेही मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या हाताने, माझ्या रुमालाने, माझ्या विज्ञानाने मी माझ्या एकुलत्या एका मित्राला मरणाच्या दारात नेऊन उभं केलं होतं, आणि गावात सगळे म्हणत होते, मास्तरांनी किती प्रामाणिकपणे कौल लावला.

सोमवारी सकाळी वीज असतानाच गिरणीवर गेलो. त्याला मोटर बंद करायला लावली आणि सगळं सांगितलं. रुमाल, टिपलेली पाकळी, फरशी, सगळं. त्याने आधी भुवयांवरचं पीठ पुसलं. मग हसायला लागला. छातीवर हात दाबून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला, आणि मी घाबरून 'हसू नको, हसू नको' म्हणत राहिलो.

"म्हंजी तू देवळात येऊन लबाडी केली," तो म्हणाला, "आन ती बी चुकली!"

"चुकली. म्हणून तो कौल रद्द. प्रयोगच बिघडला होता. परत लाव."

"परत लावता येत न्हाई. एका गोष्टीला एकच."

"अरे, पण तो कौल देवाचा नव्हताच! माझा होता."

"त्येच म्हनतो मी," तो आता हसत नव्हता. "मी देवाला इचारायला गेल्तो. तू मधी बोट घातलं. देवाला बोलूच दिलं न्हाई. आता त्येला परत इचारता येत न्हाई. मंग कोन सांगनार? ज्यानं मधी बोट घातलं त्यानंच सांगायचं. तू सांग. करू का नको?"

"मी कोण सांगणार? तुझं शरीर, तुझा निर्णय."

"आरं वा! इतकी वरसं देव न्हाई, देव न्हाई म्हनून वरडला, आन जागा रिकामी झाली तर बसाया तयार न्हाई व्हय? तू करू म्हनला तर करतो. नको म्हनला तर न्हाई करत. बुधवारपरेंत सांग."

आणि त्याने मोटर चालू केली.

त्याच दुपारी वहिनी आल्या. मित्राने त्यांना सांगितलं होतं. त्या ओरडतील अशी माझी तयारी होती, पण त्या दारातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. "भावजी, तुमाला खोटं वागता येत न्हाई आसं समजून तुमच्या हातात दिलं हुतं," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंगळवारी मी एकटाच एसटीने नगरला गेलो. ऑपरेशन करायचं हे मी पंधरा दिवस घसा फोडून सांगत होतो, पण ते सांगताना ऐकणारं कुणी नव्हतं. आता ऐकणारा होता, आणि मी म्हणेन ते होणार होतं. एवढ्याने माझी सगळी खात्री कुठे गेली ते मला कळेना. डॉक्टरांना गाठलं. म्हटलं, मला नक्की सांगा. ते सज्जन होते. त्यांनी कागदावर हृदय काढून दाखवलं, मी मित्राला काढून दाखवलं होतं त्याच्यापेक्षा बरंच वाईट. ऑपरेशन नाही केलं तर काय होऊ शकतं ते सांगितलं, केलं तर काय होऊ शकतं तेही सांगितलं. दोन्ही याद्या ऐकण्यासारख्या नव्हत्या. "पण डॉक्टर, तुमचं मत?" मी विचारलं. "आम्ही सल्ला करायचाच देतो," ते म्हणाले, "पण निर्णय पेशंटचा. आम्ही आमचे प्रयत्न करणार. बाकी सगळं त्याच्या हातात." त्यांनी बोट वर केलं. मी वर बघितलं. तिथे एसी होता.

परतीच्या एसटीत मी माझी शास्त्रं एकेक करून आठवून बघितली. मेंदूतल्या रसायनांनी जर सगळं आधीच ठरवलं असेल तर त्यांनी आता मला कळवायला काहीच हरकत नव्हती. ती गप्प होती. देव नाही म्हणून विचारता येत नव्हतं. डॉक्टरांनी वर पाठवलं होतं. राहुरी गेली, कोल्हार आलं, तरी मी जिथे होतो तिथेच होतो.

बुधवारी पहाटे फटफटायला लागलं तेव्हा मी देवळात होतो. होय, मीच. कुणी बघत नाही ना याची खात्री करून आत शिरलो. एका गोष्टीला एकच कौल हे मला ठाऊक होतं, पण तो मित्राचा; मी काही अजून विचारलं नव्हतं, असा मी कायदा काढला. आदल्या दिवशीच्या हारातून दोन पाकळ्या घेतल्या, तांब्यातल्या पाण्यात सारख्याच भिजवल्या, आधी देवाकडे पाठ करून उभा राहिलो, देवाचा उजवा हात कुठला ते पक्कं केलं आणि मगच लावल्या. रुमाल घरी ठेवून आलो होतो. शनिवारी वहिनींनी जो प्रामाणिकपणा माझ्याकडे मागितला होता तो मी बुधवारी, कुणी मागितला नसताना, देऊन टाकला.

आणि वाट बघत उभा राहिलो. ह्या वेळी आकडे मोजले नाहीत. बराच वेळ काही झालं नाही. मग डाव्या पाकळीची कड सुटली. देवाच्या डाव्या. ती सावकाश खाली कलायला लागली, आणि माझा हात पुढे गेला. मी ठरवलं नव्हतं. मला कळलं तेव्हा माझं बोट पाकळीवर होतं आणि मी ती देवाच्या छातीवर दाबून धरली होती. उजवी अजून घट्ट होती. मी तसाच उभा राहिलो. हाताला कळ लागली तरी बोट काढवेना.

"मास्तर?" मागून गुरवाचा आवाज आला. पूजेला आला होता, हातात घागर. "काय करताय?"

"माशी बसली होती," मी म्हणालो.

गुरवाने माझ्याकडे बघितलं, बोटाकडे बघितलं, उजवीकडच्या पाकळीकडे बघितलं. सगळं समजल्यासारखी मान हलवली आणि म्हणाला, "उडाली आसंल आता. सरका, देवाला पानी घालतो." मी हात काढला. पाकळी पडली नाही, माझ्या बोटालाच चिकटून आली. मी ती शर्टाला पुसली आणि तडक गिरणीवर गेलो.

मित्र गिरणीचं दार उघडत होता. मला बघून थांबला.

"कर," मी म्हणालो.

"करू?"

"कर."

"नक्की?"

प्रश्नाला पुराव्यानिशी उत्तर द्यायची मला सवय. पुरावा म्हणाल तर शर्टावर शेंदराचा एक डाग होता, आणि तोही माझ्याविरुद्ध गेला असता. "नक्की," मी म्हणालो.

गुरुवारी सकाळी त्याला आत नेलं. ऑपरेशन थिएटरच्या दारावर गणपतीचा फोटो होता, त्याला ताजा हार होता. श्रीगोंद्याहून आलेली मुलगी तिथेच डोळे मिटून उभी राहिली. वहिनी बाकड्यावर माझ्या शेजारी बसल्या होत्या, पण माझ्याशी बोलत नव्हत्या. सहा तास आम्ही तसे बसलो. त्या सहा तासांत माझं एकही मत माझ्या कामाला आलं नाही. आत त्याला काही झालं तर ती देवाची इच्छा असणार नव्हती, रसायनांची असणार नव्हती, माझी असणार होती, एवढंच डोक्यात फिरत होतं. चारच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले आणि ठीक आहे म्हणाले. वहिनींनी वर बघून हात जोडले, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भावजी, सकाळपासनं काई खाल्लं न्हाई तुमी. चला." मला तिथेच रडू आलं. मुलीला वाटलं काका आनंदाने रडतायत. तिला मी काही सांगितलं नाही.

आता गिरणी वहिनी चालवतात. मित्राला वजन उचलायची बंदी आहे आणि रोज सकाळी चालायला सांगितलं आहे, म्हणून आम्ही दोघं कॅनॉलच्या कडेकडेने चालतो. गावाने ह्या प्रकरणाचा निकाल केव्हाच लावला आहे. देव नाही म्हणाला होता, मास्तर पहाटे जाऊन रडला, मग देवाने माघार घेतली. ही आवृत्ती कुणी पसरवली ते मला ठाऊक आहे, घागर घेऊन आला होता तो. मी खंडन करायला गेलो तर लोक कौतुकाने हसतात. आयुष्यभर अंधश्रद्धेवर भाषणं दिल्यावर गावातल्या सगळ्यात ताज्या चमत्कारात माझं नाव आहे.

परवा चालता चालता मित्राला दम लागला म्हणून आम्ही पुलाच्या कठड्यावर टेकलो. खाली पाणी सोडलेलं होतं. तो शर्टाचं वरचं बटण काढून छातीवरचा उभा व्रण खाजवत होता. मधेच म्हणाला, "मास्तर, एक इचारू? त्या दिशी तू नक्की म्हनला. खरंच नक्की हुतं का रं तुझं?"

खोटं बोलायची आता ताकद नव्हती. "नाही," मी म्हणालो. "मला काहीच माहीत नव्हतं."

"मला ठावं हुतं."

"काय ठाऊक होतं?"

"तुला म्हाईत न्हाई त्ये. तुझं त्वांडच तसं झालं हुतं."

माझं डोकं फिरलं. "मग गेलास कशाला? मी थापा मारतोय हे कळत होतं तर छाती फाडून घ्यायला कशाला गेलास? आणि मला तीन दिवस कशाला जाळलंस?"

त्याने शर्टाचं बटण लावून घेतलं.

"देवाला इचारलं, डाक्टरला इचारलं, तुला इचारलं," तो म्हणाला. "खरं सांगू? तिघांत कुनावरच माझा भरोसा न्हवता. लई भ्या वाटत हुतं रं. कुनी तरी नक्की म्हनाया पायजे हुतं."

त्याच्या देवावर त्याचा पुरता भरवसा नाही, हे एक वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला मी चाळीस वर्षं त्या बाकावर घालवली होती. ते आता माझ्यासमोर आलं होतं, आणि पुढचा सगळा वाद मी सहज जिंकला असता.

"भीती मलाही वाटत होती," मी म्हणालो.